गाडीत एलएसडी आहे म्हणतात, पण आत नक्की काय आहे? ओळखायचं कसं नि चिखलात वापरायचं कसं

थार, बोलेरो निओ नाहीतर जिम्नी बघायला शोरूममधे गेलात की कोणीतरी हमखास सांगतं "सर यात एलएसडी पण येतो", आपण मान डोलावतो नि विषय सीट कव्हरवर जातो. आता या तिन्ही गाड्यांत मिळून दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी बसवलेल्या असतात, नि पुस्तकी अर्थाने ज्याला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) म्हणतात, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारा डिफरन्शियल, ते त्यातल्या एकाही गाडीत नाही. नाव काहीही देऊदे हो कंपनीला, फरक पडतो तो गाडी रुतल्यावर. एका प्रकारात अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरून ठेवायचा असतो, दुसऱ्यात चाक मुद्दाम थोडं फिरू द्यायचं असतं, तिसऱ्यात ब्रेकवर हलका पाय लागतो नि चौथ्यात आधी लॉक लावायचा मग पाय. भलत्या गाडीत भलती युक्ती केली की गाडी बाहेर यायच्या ऐवजी आणखी खाली बसते. म्हणून आत काय आहे हे समजून घेणं गरजेचं, नुसतं "आहे" म्हणून भागत नाही.

आधी साधा डिफरन्शियल

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर जातं. किती? डावं-उजवं चाक एकमेकांपासून दीड मीटरवर धरा, तर ९० अंशाच्या एका वळणात बाहेरचं चाक साधारण २.३५ मीटर जास्त चालतं, म्हणजे बोलेरो निओच्या चाकाचा एक अख्खा फेरा नि वर थोडं. वळण घाटातलं मोठं असो की गल्लीतलं, फरक तेवढाच राहतो, गणित करून बघा, त्रिज्या कटून जाते. दोन्ही चाकं एकाच सळीला घट्ट जोडली असती तर प्रत्येक वळणाला एक चाक रस्त्यावर घासत गेलं असतं. यावरचा उपाय पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी काढला नि आजही आपल्या बहुतेक गाड्यांत तोच आहे: क्राऊन-पिनियन हे दोन गिअर इंजिनकडून आलेलं फिरणं घेऊन एका केजला (डिफरन्शियलच्या फिरत्या घराला) फिरवतात, केजमधे छोटे स्पायडर गिअर, नि त्यांच्या दोन बाजूंना दोन एक्सलचे गिअर. चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरू शकतात, दोघांची सरासरी केजएवढी राहते.

खरी मेख पुढे आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, कायम सारखाच देतो. बैलगाडीचं जू आठवा, मधोमध गाडी जोडलेली नि दोन टोकांना दोन बैल. एक बैल खाली बसला तर दुसरा कितीही दांडगा असूदे, जू नुसतं तिरकं होतं, गाडी जागची हलत नाही. स्पायडर गिअर तेच काम गोल फिरून करतात. लोक म्हणतात ना की "सगळी पॉवर फिरणाऱ्या चाकाला जाते", ते अर्धवट आहे. फिरणं सगळं त्या चाकाला जातं, टॉर्क दोघांनाही सारखाच नि सारखाच कमी मिळतो.

आता आकडे घेऊ, हेच आकडे शेवटपर्यंत वापरायचेत. मागचं डावं चाक चिखलात आहे, तिथे जास्तीत जास्त १०० एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्क मोजायचं माप) टॉर्क जमिनीला लागतो, त्यापुढे चाक घसरतं. उजवं चाक कोरड्या मुरुमावर आहे, ते १५०० एनएम आरामात पेलेल. साध्या डिफरन्शियलमधे उजव्यालाही १००च मिळणार, एकूण २००. इंजिन ७५ हॉर्सपॉवरचं असो की ३०० चं, जमिनीला २००च लागणार नि गाडी तिथेच. बस्स, बाकी सगळे एलएसडी नि लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधणारे) म्हणजे या १०० च्या पुढे उजव्या चाकाला कसं न्यायचं याचे वेगवेगळे रस्ते आहेत.

ट्रॅक्टरवाल्याला दोन रस्ते आधीच माहितीयत

गावाकडचे असाल तर पहिला रस्ता तुमच्या टाचेखालीच आहे. ट्रॅक्टरला डिफ लॉकचं पेडल असतं, ते दाबलं की दोन्ही मागची चाकं एकत्र बांधली जातात नि डिफरन्शियल राहतच नाही. आपल्या आकड्यात डाव्याला १०० नि उजव्याला १५००, एकूण १६०० पर्यंत जाता येतं, याच्यावर काही नाही. फोर्स गुरखाला असेच हाताने लावायचे लॉक पुढच्या नि मागच्या दोन्ही एक्सलला येतात, नि माझ्या मते नवी गाडी म्हणून आपल्याकडे मिळणाऱ्यांत हे सगळ्यात सरळ प्रकरण आहे, लावला की लागला, सोडला की सुटला. तोटा एकच: लॉक लावून डांबरी रस्त्यावर वळायचं नाही, एक्सलवर ताण येतो, गाडी सरळ जायला बघते. ट्रॅक्टरवाला बांधावर वळायच्या आधी पाय काढतो तसंच.

दुसरा रस्ताही ट्रॅक्टरवरच. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. जे चाक फुकट फिरतंय त्याचाच ब्रेक थोडा दाबला तर काय होतं? चिखलाने १०० एनएम अडवलं नि ब्रेकने समजा ४००, म्हणजे डाव्या बाजूला एकूण ५०० चा विरोध तयार झाला. डिफरन्शियल दोन्हीकडे सारखंच देतो, मग उजव्यालाही ५०० मिळाले! जमिनीला लागले ६००, इंजिनला द्यावे लागले १०००, मधले ४०० ब्रेकमधे उष्णता होऊन गेले.

जिम्नीतला ब्रेक एलएसडी किंवा महिंद्राचा बीएलडी (ब्रेक लॉकिंग डिफरन्शियल) म्हणजे हेच काम, फक्त पायाऐवजी एबीएसचा कॉम्प्युटर करतो. एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाचा स्पीड मोजतच असतात, एक चाक जास्त फिरताना दिसलं की त्याचाच ब्रेक कॉम्प्युटर ओढतो. डिफरन्शियलच्या आत एकही नवा पार्ट नाही. म्हणून स्वस्त पडतं, वजन नाही, मेंटेनन्स नाही, नि खरं सांगायचं तर नव्वद टक्के लोकांना यापेक्षा जास्त काही लागत नाही. उगाच "हा खरा एलएसडी नाहीच" म्हणून नाकं मुरडणारे भेटतात, त्यांना वरचं ४००-५०० चं गणित दाखवा.

खरे एलएसडी

क्लच प्लेटवाला हा मूळ पुरुष. ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाडीत इतकी ताकद होती की १६० च्या स्पीडपर्यंत मागचं एक चाक जागच्या जागी फिरायचं, म्हणून फर्डिनांड पोर्शने झेडएफ कंपनीकडून १९३५ मधे असा डिफरन्शियल करून घेतला. १९५६ ला अमेरिकेत स्टुडबेकर-पॅकार्डने साध्या गाड्यांत आणला. आत काय तर केज नि एक्सल गिअरच्या मधे पातळ प्लेटांची थप्पी, एक केजला अडकलेली, पुढची एक्सल गिअरला, परत केजला, अशी. त्यांच्यावर स्प्रिंगचा कायमचा दाब, त्याला प्रीलोड म्हणतात. प्रीलोड ८० एनएम असेल तर कोरड्या चाकाला चिखलातल्यापेक्षा निदान ८० तरी जास्त मिळणारच. शिवाय स्पायडर गिअरचा क्रॉस पिन तिरक्या खाचेत बसवलेला असतो, ती खाच म्हणजे रॅम्प. जितका टॉर्क तितका पिन रॅम्पवर चढतो नि प्लेटा दाबतो, मग फरक वाढत जातो. वन-वे, टू-वे, वन-पॉइंट-फाइव्ह-वे असं जे ऐकता ते सगळं या रॅम्पचंच: वन-वे फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर लॉक करतो, टू-वे पाय सोडल्यावरही तेवढाच, नि मधला पाय सोडल्यावर थोडा कमी. रॅली नि ड्रिफ्टवाल्यांचा विषय, रोजच्या गाडीला टू-वे लावून पार्किंगमधे चाकांची किरकिर ऐकत बसण्यात काही अर्थ नाही.

दुसरा गिअरवाला, टॉर्सन नि क्वाइफ या नावांनी ओळखतात. प्लेटा नाहीत, तिरक्या दातांचे गिअर एकमेकांवर नि केजवर घासून लॉक होतात. टोयोटा जीआर ८६, होंडा सिव्हिक टाइप आर यांत हाच प्रकार, कारण स्टिअरिंगला झटका देत नाही, झिजत फारसा नाही नि चालताना कळतसुद्धा नाही. पण याचा हिशेब गुणाकाराचा आहे. बायस रेशो ३ असेल तर चिखलातल्या चाकाला जेवढं मिळतं त्याच्या जास्तीत जास्त तिप्पट दुसऱ्याला. आपल्या आकड्यात १०० नि ३००, एकूण ४००. नि एक चाक हवेत लटकलं तर? शून्याच्या तिप्पट शून्य. एवढा महागडा डिफरन्शियल साध्याच्या लायनीत येऊन बसतो.

इथे ब्रेकची युक्ती कामाला येते, नि कुठे येते कुठे नाही हे नीट बघा कारण यावर लोक फार ठोकून देतात. समजा हँडब्रेकचे दोन-तीन दाते ओढले, मागच्या दोन्ही चाकांना ३००-३०० एनएम ब्रेक लागला. साध्या डिफरन्शियलमधे डावीकडे १०० अधिक ३००, म्हणजे ४००, उजवीकडेही ४००, पण त्यातले ३०० उजव्याच्याच ब्रेकने खाल्ले, हाती आले १००. फायदा शून्य, फार तर चाकाचं भिरभिरणं कमी होऊन टायरला जरा पकड सापडेल. टॉर्सनमधे मात्र डावीकडे ४०० झाले की उजवीकडे त्याच्या तिप्पट १२००, ब्रेकने ३०० खाल्ले तरी ९०० जमिनीला लागले! तेव्हा साधी गाडी रुतल्यावर "हँडब्रेक ओढून रेस कर" असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या नि फावडं काढा.

व्हिस्कस म्हणून एक तिसरा प्रकार आहे, सिलिकॉनच्या दाट द्रवात प्लेटा फिरतात. जुन्या जपानी गाड्यांत सापडतो, उशिरा पकडतो, द्रव म्हातारा झाला की अख्खा बदलावा लागतो, सोडून द्या. नि अलीकडच्या परफॉर्मन्स गाड्यांत, उदाहरणार्थ २०२५ मधे आपल्याकडे आलेली गोल्फ जीटीआय, क्लच आहे पण तो किती दाबायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. वापरायला सोपा, बिघडला तर खिशाला जड.

महिंद्राचा एमएलडी

एमएलडी म्हणजे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. हा आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा नि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला प्रकार, म्हणून जरा सविस्तर. बोलेरो निओच्या एन१० (ओ) मधे मल्टी टेरेन टेक्नॉलॉजी म्हणून जे येतं ते हेच, थारमधे व्हेरिअंट बघून एमएलडी नाहीतर नुसता बीएलडी मिळतो. बनवते ईटन ही कंपनी. हा लॉकर आहे पण लिव्हर नाही, बटण नाही, आपोआप लागतो. आत छोटी वजनं असलेला गव्हर्नर आहे. दोन चाकांच्या स्पीडमधे साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की वजनं बाहेर फेकली जातात, एका खिट्टीत अडकतात, त्याने कॅम फिरतो, प्लेटा दाबल्या जातात नि एक्सल पूर्ण लॉक. गाडी साधारण ३० च्या वर असेल तर दुसरी यंत्रणा खिट्टी लागूच देत नाही, म्हणजे घाटात वळणावर अचानक लॉक होईल अशी भीती नको.

आता १०० आरपीएम म्हणजे किती? बोलेरो निओचं टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं, म्हणजे फिरणाऱ्या चाकाचा स्पीड ताशी १३ किलोमीटरच्या आसपास पाहिजे नि दुसरं चाक थांबलेलं. पाय घाबरत घाबरत टेकवलात तर चाक हळूहळू फिरत राहतं, फरक १०० ला पोचतच नाही, लॉक लागत नाही नि माणूस म्हणतो "एमएलडी खराब आहे". खराब काही नाही. पहिल्या गिअरला स्टिअरिंग सरळ ठेवून एकसारखी रेस वाढवत न्या, चाक एक-दोन सेकंद फिरेल, मागून टण किंवा धप असा आवाज येईल, गाडी पकडेल, तिथेच पाय स्थिर करा. आणखी दाबू नका नि लगेच सोडूही नका, पाय सोडला की लॉक सुटतो नि परत पहिल्यापासून. इंजिन लाल काट्यापर्यंत नेऊन क्लच सोडणं तर अजिबातच नको, लॉक लागतानाचा सगळा दणका एक्सलवर येतो.

ब्रेकवाल्या सिस्टीमला वेगळी सवय लागते. तिथे चाक फिरताना दिसलं की माणूस घाबरून पाय काढतो, नि पाय काढला की कॉम्प्युटरला वाटतं संपलं काम. मध्यम रेस द्या नि धरून ठेवा, खालून खरखर-कटकट येईल तो ब्रेकचा आवाज आहे, येऊद्या. गाडी थोडी अडखळत पण निघते. बराच वेळ असं चालवलं तर ब्रेक तापतात नि सिस्टीम स्वतःहून काही वेळ बंद पडते, तेव्हा थांबून गार होऊ द्यायचं. ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून ब्रेक नि पॉवर सांभाळणारी सिस्टीम) बंद करायचं बटण असेल तर आपल्या गाडीचं मॅन्युअल वाचून ठेवा, बऱ्याच गाड्यांत ते बटण फक्त इंजिनची पॉवर कापणं थांबवतं, ब्रेकचं काम चालूच राहतं, नि चिखलात नेमकं तेच हवं असतं.

एक इशारा सगळ्याच प्रकारांना लागू. दोन्ही चाकं घसरणीवर असतील, म्हणजे पावसात काळ्या मातीतली वाट किंवा कोकणातला शेवाळलेला जांभ्याचा चढ, तर यातलं काहीच फार उपयोगाचं नाही. उलट साध्या डिफरन्शियलमधे एक चाक फिरताना दुसरं निदान गाडीचा मागचा भाग जागेवर धरून ठेवतं, लॉक झालेल्या एक्सलमधे दोन्ही एकदम सुटतात नि रस्ता एका बाजूला कलता असेल तर मागची बाजू सरळ गटाराकडे जाते. अशा जागी टायर चांगले पाहिजेत नि पाय हलका, बाकी सगळं नंतर.

घरी ओळखायची पद्धत

सेकंडहॅंड घेताना हे करून बघा, फक्त मागून चालणारी गाडी, जमीन सपाट, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागची दोन्ही चाकं वर करून स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद, गिअर पहिला, हँडब्रेक खाली. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं हलकेच उलट्या दिशेने फिरलं तर साधा डिफरन्शियल, किंवा टॉर्सन पण, कारण भार नसताना तोही असाच वागतो, त्याचा निकाल व्हेरिअंट नि पार्ट नंबर बघूनच लागतो. चाक फिरायलाच दम लागला, एकसारखं जड वाटलं तर प्लेटावाला नि प्लेटा ठीक. प्लेटावाला असून हलकं फिरलं तर प्लेटा संपल्यात. एमएलडी हळू फिरवला तर साध्यासारखाच उलटा फिरतो, पण गरकन जोरात फिरवला की टक करून अडकतो. नाही अडकला तर भाव पाडून मागा.

नि हे प्लीज लक्षात ठेवा: असल्या गाडीचं एकच मागचं चाक वर करून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या गाडीत वरचं चाक नुसतं फिरतं, इथे खालच्या चाकालाही टॉर्क मिळतो नि गाडी जॅकवरून उडी मारते. गॅरेजमधे आवाज शोधायला असं करणारे असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

ऑईल नि टायर

प्लेटावाल्याला जीएल-५ ग्रेडच्या गिअर ऑईलमधे फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घासणं सौम्य करणारं मिश्रण) लागतो. तो नसेल तर हळू वळताना मागून थरथर नि कडकड येते, लोकांना वाटतं बेअरिंग गेलं, उघडाउघडी होते नि खर्च होतो. ऑईल बदली केल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात पाच-सहा चकरा मारा म्हणजे प्लेटांच्या मधे नवं ऑईल शिरतं, त्याने बऱ्याचदा आवाज जातो. आणि मॉडिफायर जास्त ओतला की प्लेटा घसरायला लागतात, मग एलएसडी असून नसल्यासारखा. टॉर्सनला मॉडिफायर लागत नाही, नि एमएलडीमधे मॅन्युअलमधे लिहिलंय तेच ग्रेड, स्वतःची अक्कल नको. पुढून चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्समधेच असतो, त्यामुळे तिथे गिअरबॉक्सचंच ऑईल, नि बाहेरून एलएसडी बसवायचा म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो हे बजेट काढताना धरा.

टायर एकाच एक्सलवर एक नवा एक जुना असं करू नका. झिजलेलं टायर लहान होतं, सरळ हायवेवरही दोन चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरतात नि प्लेटा दिवसभर घासत राहतात. म्हणून एकच टायर फाटलं असेल तर दोन नवी मागच्या एक्सलला नि उरलेलं बरं टायर स्टेपनीला. छोटी स्टेपनी लावून चालवायची वेळ आलीच तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच.

ऑईल काढताना ड्रेन प्लगचं चुंबक बोटाने पुसून बघा. काळपट गुळगुळीत पेस्ट असेल तर नेहमीची झीज आहे, पुसून प्लग परत लावा. कणी बोटाला टोचली तर नवीन ऑईल भरायची घाई करू नका, कव्हर उघडून क्राऊन-पिनियनचे दात आधी बघून घ्या.